उद्दिष्टाकडची वाटचाल कशी मोजावी: रोजकीर्द, खतावणी आणि तिमाही ताळेबंद

प्रगतीची नोंद ठेवण्याचा उपयोग एकच आहे. पुढच्या आठवड्यात काय करायचे, किती करायचे आणि काय सोडून द्यायचे, हे तिच्यावरून ठरवता आले पाहिजे. ज्या नोंदीमुळे असा एकही निर्णय बदलत नाही, ती कितीही सुबक असली आणि रंगीत रकान्यांत भरलेली असली, तरी तिच्यासाठी दिलेला वेळ मूळ कामातूनच वजा झालेला असतो. या लेखातील प्रत्येक पायरी याच कसोटीवर निवडली आहे.

नोंद ठेवल्याने फरक पडतो याला आधार आहे. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली १३८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. प्रगतीवर नियमित लक्ष ठेवायला लावलेल्या लोकांची उद्दिष्टे गाठण्याची शक्यता वाढते, असे त्यातून दिसले. ही प्रगती लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली, तर परिणाम अधिक मोठा असतो, हेही त्यात आढळले. मनातल्या मनात ‘चालले आहे बऱ्यापैकी’ असे म्हणणे आणि तारखेपुढे आकडा लिहिणे यांत जो फरक आहे, तो हाच.

नोंदीची पद्धत आपल्याला नव्याने शोधावी लागत नाही. आपल्याकडच्या पेढ्यांवर आणि दुकानांत हिशेबाच्या तीन पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहिला जातो, खतावणीत तो ज्या-त्या खात्यावर चढवला जातो आणि ताळेबंदात एकूण स्थिती पाहिली जाते. प्रत्येक पायरीची वेळ वेगळी असते आणि प्रत्येकीतून मिळणारे उत्तरही वेगळे असते. वैयक्तिक उद्दिष्टांच्या बाबतीत होणारा गोंधळ बहुतांशी या तीन गोष्टी एकत्र केल्याने होतो. रोज रात्री ताळेबंद मांडणारा माणूस आठवडाभरात थकतो, आणि नुसती रोजकीर्द लिहिणाऱ्याच्या हाती वर्षअखेरीला आकड्यांचा ढीग राहतो.

पद्धत समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. बँकेत काम करणारी एक व्यक्ती आहे आणि तिची दोन उद्दिष्टे आहेत. पहिले व्यावसायिक: इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था घेते ती जेएआयआयबी परीक्षा मे महिन्यात उत्तीर्ण होणे. दुसरे वैयक्तिक: मधुमेहाचे निदान झाल्यानंतर एचबीए१सी ही रक्तचाचणी ७.८ टक्क्यांवरून डॉक्टरांनी सांगितलेल्या ७ टक्क्यांच्या आत आणणे. दोन्ही उद्दिष्टे मुद्दाम वेगळ्या स्वभावाची निवडली आहेत, कारण मोजणीची खरी अडचण तेथेच लक्षात येते. एका उद्दिष्टात काम मोजता येते, पण निकाल एकदाच लागतो. दुसऱ्यात शरीर उत्तर देते, पण उशिरा देते.

पहिली पायरी: उद्दिष्ट मोजता येईल असे लिहिणे

जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली व्यवस्थापनविषयक एका मासिकात उद्दिष्टे लिहिण्याचे ‘स्मार्ट’ नावाने ओळखले जाणारे पाच निकष मांडले आणि ते आज जवळजवळ प्रत्येक कार्यालयीन प्रशिक्षणात शिकवले जातात. ते सगळे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. मोजणीच्या दृष्टीने तीन गोष्टी मात्र लिखित स्वरूपात हव्यातच: आज आपण कोठे आहोत, कोठे पोचायचे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत.

यांपैकी पहिली गोष्ट हमखास राहून जाते. ‘इंग्रजी सुधारायचे आहे’, ‘बचत वाढवायची आहे’ अशा वाक्यांत सुरुवातीचा बिंदूच नसल्यामुळे तीन महिन्यांनी काय सुधारले आणि काय वाढले हे सांगता येत नाही. म्हणून पहिला आठवडा काहीही बदलण्याचा प्रयत्न न करता केवळ आजची स्थिती टिपण्यासाठी द्यावा. परीक्षार्थीने जुन्या प्रश्नांची एक चाचणी कसलीही तयारी न करता सोडवावी आणि गुण लिहून ठेवावेत. बचत करणाऱ्याने मागील एका महिन्याचा खर्च जसा झाला तसा लिहावा. मधुमेह असलेल्याने चाचणीचा आकडा, तारीख आणि प्रयोगशाळा लिहावी. प्रयोगशाळा यासाठी, की पुढची चाचणीही शक्य तोवर तेथेच करता यावी आणि दोन आकड्यांची तुलना निर्दोष राहावी.

‘पूर्ण’ कशाला म्हणायचे, याची व्याख्याही याच पायरीवर करून ठेवावी. धडा वाचून झाला म्हणजे तो पूर्ण झाला का? आपल्या उदाहरणातील व्यक्ती असा नियम करू शकते की धडा वाचला, स्वतःच्या शब्दांत टिपण काढले आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद ठेवून दहापैकी सात प्रश्न बरोबर आले, तरच तो घटक पूर्ण धरायचा. मधल्या अवस्थांना टक्के देऊ नयेत. ‘ऐंशी टक्के झाले आहे’ असे म्हटलेले काम आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवरच राहते, हा प्रकल्पांवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. घटक लहान करावेत आणि प्रत्येकासमोर ‘झाला’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. असे केल्याने स्वतःची समजूत घालायला जागा राहत नाही.

दुसरी पायरी: काय मोजायचे हे ठरवणे

संपूर्ण पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा आहे, म्हणून येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे.

प्रत्येक उद्दिष्टासाठी दोन प्रकारची मापे लागतात. एक माप परिणामाचे आणि दुसरे कृतीचे. परीक्षेतील गुण, एचबीए१सीचा आकडा, खात्यातील शिल्लक ही परिणामाची मापे होत. आठवड्यात पूर्ण केलेले घटक, चाललेली मिनिटे, पगाराच्या दिवशी बाजूला काढलेली रक्कम ही कृतीची मापे होत. परिणाम आपल्याला हवा असतो, पण तो उशिरा कळतो आणि त्यावर आपला पूर्ण ताबा नसतो. कृतीवर आपला ताबा असतो आणि तिची नोंद त्याच दिवशी करता येते. म्हणून रोजकीर्दीत कृती लिहावी आणि ताळेबंदात परिणाम पाहावा.

परिणाम किती दिवसांनी तपासायचा, हे आपल्या उत्सुकतेने ठरत नाही, त्या मापाच्या स्वभावाने ठरते. लाल रक्तपेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते आणि एचबीए१सी त्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. त्यामुळे हा आकडा मागील दोन ते तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल बोलतो. ही चाचणी दर पंधरा दिवसांनी केल्यास पैसे जातील आणि हाती येणाऱ्या आकड्यावरून काहीही ठरवता येणार नाही. उलट वजनाचा आकडा रोज मिळतो, पण पाणी, मीठ आणि जेवणाची वेळ यांमुळे तो एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून सात दिवसांची सरासरी काढूनच त्याची तुलना करावी. मापाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. रक्तक्षय असेल किंवा सिकलसेलसारखा हिमोग्लोबिनचा दोष असेल, तर एचबीए१सीचा आकडा दिशाभूल करू शकतो. विदर्भ आणि नंदुरबार भागातील वाचकांनी याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

कृतीचे माप निवडताना ते परिणामाशी खरोखर जोडलेले आहे का, हे तपासावे. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला जातो, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असेही सांगितले जाते. या सल्ल्यातच मोजणीचे दोन रकाने तयार आहेत: आठवड्याची एकूण मिनिटे आणि सलग खाडे. नुसती एकूण मिनिटे लिहिली, तर शनिवार-रविवारी दीड-दीड तास चालून आकडा पूर्ण करता येतो, पण मधले पाच दिवस कोरे राहतात. दुसरा रकाना ही पळवाट बंद करतो.

असाच जोडीचा रकाना जवळजवळ प्रत्येक मापाला लागतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले होते, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब दिला की त्या आकड्याचा मूळ वास्तवाशी असलेला संबंध ढिला होऊ लागतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये हा विचार सर्वच क्षेत्रांना लागू होईल अशा रीतीने मांडला: माप हेच लक्ष्य बनले की ते चांगले माप राहत नाही. ही गोष्ट केवळ सरकारांना आणि कंपन्यांना लागू नाही, आपल्या टेबलावरच्या वहीलाही लागू आहे. घटकांची संख्या हेच लक्ष्य झाले की सोपे धडे आधी उरकले जातात. वाचलेल्या पुस्तकांची संख्या हेच लक्ष्य झाले की जाड पुस्तके कपाटात राहतात. म्हणून संख्येच्या मापासोबत दर्जाचे एक माप ठेवावे. परीक्षार्थीसाठी ते आठवड्याच्या शेवटी पुस्तक बंद ठेवून सोडवलेल्या वीस प्रश्नांचे गुण असेल, तर विक्री करणाऱ्यासाठी पुन्हा खरेदीला आलेल्या ग्राहकांचे प्रमाण.

यापलीकडे जाऊ नये. एका उद्दिष्टाला कृतीचे एक, दर्जाचे एक आणि परिणामाचे एक अशी तीन मापे पुरतात. एका वेळी सक्रिय उद्दिष्टेही दोन, फार तर तीन असावीत. सात उद्दिष्टांचे एकवीस रकाने कोणीही वर्षभर भरत नाही.

तिसरी पायरी: वेळेचे गणित आधी मांडणे

मोजणी सुरू करण्यापूर्वी अपेक्षित वेग काढून ठेवावा, नाहीतर आठवड्याचा आकडा चांगला की वाईट हे कळणारच नाही.

आपल्या उदाहरणातील परीक्षेत चार विषय आहेत, प्रत्येकी १०० गुणांचे, आणि उत्तीर्ण होण्यासाठी विषयागणिक ५० गुण लागतात. समजा, चारही विषयांचा अभ्यासक्रम लहान तुकड्यांत पाडल्यावर ९६ घटक झाले आणि डिसेंबरच्या सुरुवातीपासून परीक्षेपर्यंत २२ आठवडे हाती आहेत. ९६ भागिले २२ हे गणित येथे चुकीचे ठरेल. बँकेत मार्चअखेर म्हणजे वर्षअखेरीचे काम, त्यामुळे ते दोन आठवडे अभ्यासाला मिळणार नाहीत. शेवटचे चार आठवडे उजळणीसाठी हवेत. उरले १६ आठवडे. ९६ भागिले १६, म्हणजे आठवड्याला ६ घटक, हा खरा अपेक्षित वेग होय.

प्रत्येकाच्या वर्षात असे वजा करायचे आठवडे असतात. शिक्षकांना परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत मोकळा वेळ नसतो, शेतीशी संबंध असलेल्यांना पेरणी आणि काढणीचे दिवस सुटत नाहीत, घरात गणपती असतात, दिवाळी असते, लग्नसराई असते. हे आठवडे दिनदर्शिकेवर आधीच खोडून ठेवावेत. नंतर त्या दिवसांत काम झाले नाही याची खंत करण्यापेक्षा, ते होणार नाही हे आधीच धरून चालणे अधिक प्रामाणिक आहे.

चौथी पायरी: रोजकीर्द

रोजची नोंद दोन मिनिटांत झाली पाहिजे. ती शक्यतो काम संपताक्षणी करावी, कारण रात्री आठवून लिहिलेल्या आकड्यांत इच्छेची भेसळ होते. नोंदीत तारीख, केलेली कृती, आकडा आणि गरज असेल तेथे चार-पाच शब्दांचे कारण एवढेच असावे. उदाहरणार्थ: ‘१४ जानेवारी. हिशेबशास्त्र, घटक ११ पूर्ण, ८/१०. चालणे ३०.’ किंवा: ‘१५ जानेवारी. अभ्यास खाडा, शाखेत तपासणी. चालणे २०, संध्याकाळी.’

खाड्याचे कारण लिहिणे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्या घरांत दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा खाडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिण्याची रीत आहेच, तीच दिनदर्शिका या कामाला पुरेशी आहे. महिनाभराने खाड्यांची कारणे एकाखाली एक वाचली की दोन-तीन कारणेच पुन्हा पुन्हा आलेली दिसतात, आणि योजना बदलायची असते ती त्याच ठिकाणी.

वही घ्यावी, गूगल शीट घ्यावे की मोबाईलमधील एखादे ॲप घ्यावे, या प्रश्नाला फारसे महत्त्व देऊ नये. कामाच्या जागी हाताशी असेल ते साधन चांगले. वहीचा फायदा असा की ती उघडताना मोबाईलवरचे संदेश समोर येत नाहीत. शीटचा फायदा असा की सरासरी आपोआप निघते. रोजकीर्द वहीत आणि खतावणी शीटमध्ये, अशी विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. पावले मोजणारे घड्याळ वापरत असल्यास त्याच्या आकड्यावर कल पाहण्यापुरता विश्वास ठेवावा. दोन वेगळ्या घड्याळांचे आकडे जुळतीलच असे नाही, त्यामुळे मध्येच साधन बदलले तर बदलाची तारीख नोंदीत लिहावी.

खंड पडला तर काय करावे, याबद्दल स्पष्ट नियम आधीच ठरवावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ९६ जणांनी बारा आठवडे एक नवी सवय लावण्याचा प्रयत्न केला. त्या नोंदींवरून काढलेल्या गणिती अंदाजानुसार सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला, मध्यक ६६ दिवस होता, आणि एखादी संधी चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नाही. तेव्हा एका खाड्याने काही बिघडत नाही. बिघडते ते खाड्यानंतर वही न उघडल्याने. आपण मागे पडलो आहोत अशी शंका येताच माणूस नेमकी तीच माहिती टाळू लागतो. अशा वेळी मागचे कोरे दिवस भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यांवर एक आडवी रेघ मारावी, कारण लिहावे आणि आजच्या तारखेपासून पुढे चालू करावे.

पाचवी पायरी: आठवड्याची खतावणी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, अर्धा तास बसून रोजकीर्द त्या-त्या उद्दिष्टाच्या खात्यावर चढवावी. सर्व पायऱ्यांपैकी एकच पाळता येणार असेल, तर ही पाळावी, कारण निर्णय येथेच होतात.

प्रत्येक खात्यात आठवड्याची बेरीज, आतापर्यंतची एकूण, शिल्लक काम, उरलेले आठवडे आणि मागील चार-पाच आठवड्यांची सरासरी हे पाच आकडे लिहावेत. उदाहरणाकडे वळू. पाच आठवडे झाले. अपेक्षित घटक ३०, प्रत्यक्षात पूर्ण झालेले २४. सरासरी वेग ४.८. शिल्लक ७२ घटक आणि उजळणीपूर्वी उरलेले आठवडे ११. याच वेगाने गेल्यास ७२ भागिले ४.८ म्हणजे १५ आठवडे लागतील, अर्थात चार आठवडे कमी पडतील. वेळेत संपवायचे असेल, तर वेग सुमारे ६.५ पर्यंत न्यावा लागेल.

‘जरा मागे पडलो आहे’ ही भावना आणि ‘चार आठवडे कमी पडत आहेत’ हे वाक्य यांतून निघणारी कृती वेगळी असते. आकडा समोर आल्यावर पर्याय तीनच उरतात आणि त्यांतला एक लिहून निवडावा लागतो.

पहिला पर्याय वेळ वाढवण्याचा. एका घटकाला साधारण दीड तास लागत असेल, तर आठवड्याला पावणेदोन घटक वाढवण्यासाठी सुमारे अडीच तास लागतील. हे अडीच तास कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कशाऐवजी, हे लिहिल्याशिवाय हा पर्याय निवडला असे मानू नये. दुसरा पर्याय काम कमी करण्याचा: दोन विषयांवर सगळा भर द्यायचा आणि उरलेले दोन पुढच्या सत्रावर सोडायचे. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेय ठरावीक मुदतीपर्यंत कायम राहते, त्यामुळे हा मार्ग खुला आहे. मात्र एकाच प्रयत्नात चारही विषयांत किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के मिळाल्यासही परीक्षा उत्तीर्ण धरली जाते, आणि विषय विभागले की या सवलतीचा लाभ मिळत नाही. प्रत्येक परीक्षेचे असे नियम असतात आणि ते माहीत नसतील, तर आकडे अचूक असूनही निर्णय चुकतो. तिसरा पर्याय मुदत पुढे नेण्याचा. त्यात कमीपणा काही नाही, पण तो पाचव्या आठवड्यात विचारपूर्वक निवडणे आणि विसाव्या आठवड्यात नाइलाजाने पत्करणे यांत फार अंतर आहे.

एकाच आठवड्याच्या आकड्यावरून योजना बदलू नये. शाखेत तपासणी होती, घरी पाहुणे होते, ताप आला, अशा कारणांनी आठवडा खाली-वर होतच असतो. सलग तीन आठवडे वेग अपेक्षेच्या एकाच बाजूला राहिला, तर मात्र तो योगायोग मानू नये. चांगल्या बाजूनेही हेच लागू आहे. तीन आठवडे वेग जास्त असेल, तर घटक सोपे निवडले गेले का, हे दर्जाच्या रकान्यात पाहावे. पूर्ण केलेल्या घटकांची संख्या वाढली आणि चाचणीचे गुण उतरले, तर ती प्रगती मानू नये.

खतावणी वाचताना नजर कोठे ठेवावी, याबद्दल मिंजुंग कू आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१२ मधील संशोधनातून एक उपयुक्त गोष्ट हाती येते: झालेले आणि उरलेले यांपैकी जो आकडा लहान असतो, त्याकडे लक्ष दिल्यास उत्साह अधिक टिकतो. म्हणून सुरुवातीच्या काळात ‘२४ झाले’ असे ठळक लिहावे आणि निम्मा टप्पा ओलांडल्यावर ‘उरले ३०’ असे लिहायला लागावे. शिल्लक कामाचा आलेख काढणाऱ्यांनी तो निम्म्याखाली उतरल्यावरच भिंतीवर लावावा.

सहावी पायरी: कोणाला तरी दाखवणे

प्रगती दुसऱ्यासमोर मांडली की परिणाम वाढतो, हे वर आलेच आहे. त्यासाठी समाजमाध्यमांवर जाहीर करण्याची आवश्यकता नाही. एक व्यक्ती पुरते. ती अशी असावी, जिला आपल्या आकड्यांत रस आहे पण त्यांवर तिचा अधिकार चालत नाही. त्याच परीक्षेला बसलेला सहकारी, मोठी बहीण, दूर राहणारा मित्र यांपैकी कोणीही चालेल. दर रविवारी एक संदेश पाठवावा: या आठवड्याचा आकडा, एकूण स्थिती आणि पुढच्या आठवड्याचा एक बदल. समोरच्याने उत्तरात सल्ला देणे गरजेचे नाही. संदेश आला नाही तर विचारणा करणे, एवढीच जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी.

कार्यालयातील उद्दिष्टांसाठी येथे एक भर घातली पाहिजे, कारण तेथे आकडे पाहणारी व्यक्ती वरिष्ठ असते आणि तिच्या हाती मूल्यमापन असते. शासकीय सेवेतील कार्यमूल्यमापन अहवालात स्वयंमूल्यमापनाचा भाग असतो, खासगी कंपन्यांतही तसाच अर्ज भरावा लागतो, आणि तो मार्च-एप्रिलमध्ये भरायला बसल्यावर आधीच्या जून-जुलैमधील काम आठवत नाही. म्हणून दर शुक्रवारी कार्यालयीन कामाची तीन ओळींची नोंद ठेवावी: काय पूर्ण केले, त्यामुळे कोणता आकडा किंवा कोणती अडचण बदलली आणि त्याचा पुरावा कोठे आहे, म्हणजे कोणत्या तारखेचा ईमेल, कोणता अहवाल, कोणत्या बैठकीचे इतिवृत्त. ‘ग्राहकसेवा सुधारली’ या वाक्याला अहवालात वजन नसते. ‘प्रलंबित तक्रारी सप्टेंबरमध्ये ४० होत्या, डिसेंबरअखेर १२ राहिल्या’ अशा वाक्याला असते. ग्राहकांची नावे, खाते क्रमांक किंवा कार्यालयीन कागदपत्रे स्वतःच्या वहीत वा मोबाईलमध्ये उतरवू नयेत. संदर्भाची तारीख पुरेशी आहे.

वरिष्ठांना दिलेली वचने आणि स्वतःसाठी ठेवलेली मोठी झेप यांचे गुण एका पट्टीवर देऊ नयेत. अँड्र्यू ग्रोव्ह यांनी इंटेल कंपनीत रुजवलेली आणि जॉन डोअर यांनी १९९९ साली गूगलमध्ये नेलेली उद्दिष्ट-पद्धती आता अनेक भारतीय कंपन्यांतही वापरली जाते. तिच्यात महत्त्वाकांक्षी उद्दिष्टाला एकपैकी ०.७ गुण मिळणे चांगले मानले जाते, तर दिलेले वचन मात्र पूर्णच व्हावे लागते. आपल्या खतावणीत प्रत्येक उद्दिष्टापुढे ‘वचन’ किंवा ‘झेप’ असे लिहून ठेवावे.

सातवी पायरी: तिमाही ताळेबंद

तीन महिन्यांनी एकदा दोन-अडीच तास काढून परिणामाची मापे कृतीच्या मापांसमोर ठेवावीत. येथे चार शक्यता असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे.

कृती ठरल्याप्रमाणे झाली आणि परिणामही आला, तर काहीही बदलू नये. कृती झाली नाही आणि परिणाम आला नाही, तर योजना चुकीची होती असे म्हणता येत नाही, कारण ती वापरलीच गेली नाही. अशा वेळी खाड्यांची कारणे वाचून वेळ, जागा किंवा प्रमाण बदलावे. कृती न होता परिणाम आला, तर त्याचे श्रेय घेण्यापूर्वी दुसरे काय बदलले ते शोधावे. एचबीए१सी कमी झाले, पण चालण्याचे रकाने कोरे आहेत, तर औषध बदलले होते का, आहार बदलला होता का, की रक्तक्षयामुळे आकडाच फसवा आला, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

उरलेली चौथी शक्यता सर्वांत त्रासदायक असते आणि सर्वांत उपयोगीही: कृती नेमाने झाली, पण परिणाम हलला नाही. आठवड्याला १५० मिनिटे चालूनही आकडा ७.८ वरून ७.७ वर आला, तर चालणे थांबवू नये आणि स्वतःला दोषही देऊ नये. निवडलेली कृती या परिणामासाठी पुरेशी नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोजकीर्द बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. ‘नियमित चालतो’ या वाक्यापेक्षा बारा आठवड्यांचे आकडे पाहून त्यांना आहाराबद्दल किंवा औषधाबद्दल अधिक नेमका निर्णय घेता येतो. अभ्यासाच्या बाबतीतही असेच आहे. घटक संपले, पण सराव चाचणीचे गुण ४० वर अडकले, तर आणखी वाचन करण्याऐवजी वाचनाचे तास कमी करून प्रश्न सोडवण्याचे तास वाढवावेत आणि चुकलेले प्रश्न विषयवार लिहून काढावेत.

ताळेबंदाच्या दिवशी प्रत्येक उद्दिष्टाबद्दल एक प्रश्न विचारावा: हे आज नव्याने ठरवायचे असते, तर मी ते ठरवले असते का? नोकरी बदलली, घरात आजारपण आले, पदोन्नतीचे नियम बदलले, तर उत्तर ‘नाही’ येऊ शकते. मग ते खाते बंद करावे. मनात ठेवून नुसते लांबवत राहिलेले उद्दिष्ट दर आठवड्याला खतावणीत शून्य दाखवते आणि उरलेल्या खात्यांकडे पाहण्याची इच्छाही कमी करते. बंद केलेली आणि पूर्ण झालेली अशा दोन्ही खात्यांखाली तारीख, कारण, प्रत्यक्षात लागलेले आठवडे आणि शेवटचा सरासरी वेग लिहून ठेवावा. पुढचे उद्दिष्ट ठरवताना तिसऱ्या पायरीतील गणित आपल्याला हवाहवासा वाटणारा वेग धरून न करता याच आकड्यावरून करावे. ज्याने एका घटकाला दीड तास लागतो हे पाच महिने मोजून पाहिले आहे, त्याने पुढच्या परीक्षेसाठी तो एका तासात होईल असे धरू नये.